आजच्या पायाचं माप

टीचरनी पहिल्याच भेटीत मला मागून धक्का दिला.

वसईजवळ गिरीजला त्यांच्या घराच्या ओट्यावर मी चपला काढत होते, माझी मुलगी जुई शेजारी उभी होती, आणि कोणीतरी माझ्या पाठीत असा काही हात मारला की मी धडपडत कठड्यापर्यंत गेले. वळून बघते तर फुलाफुलांचा झगा, त्यावर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट, डोक्यावर पोहण्याची रबरी टोपी, टोपीवर पुन्हा गवती हॅट, अशी साठी ओलांडलेली एक बाई माझ्या पायांकडे टक लावून बघत होती.

"आई उजवी," त्या म्हणाल्या. "आता पोरगी."

जुईला काही कळायच्या आत तिलाही तसाच धक्का. तिचा डावा पाय पुढे पडला.

"डावी! वा. डाव्या मुलांचं गणित चांगलं असतं."

जुई त्या सहामाहीत गणितात कशीबशी पास झाली होती. मी काही बोलले नाही. गप्प राहणं मला तेव्हाही छान जमायचं.

पाण्यावरच्या स्कीचा हा क्लास. बोट पुढे, दोरीला धरून मूल मागे, पायाखाली एकच स्की. एका स्कीवर पाय शेजारी-शेजारी नसतात, एकामागे एक असतात, त्यामुळे पुढचा कुठला हे आधी ठरवावं लागतं. "मुलाला विचारलं की ते विचार करतं," टीचर म्हणायच्या, "आणि विचार केला की सगळी पोरं उजवाच सांगतात." म्हणून धक्का. ही सवय पुढे इतकी वाढली, की त्या पोस्टमनला धक्का देत, केळी न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याला देत. एकदा घर आशीर्वादित करायला आलेल्या फादरनाही दिला. "फादर डावे निघाले," असं त्यांनी आम्हाला सांगितलं, ते जणू चर्चने इतकी वर्षं दडवून ठेवलेली बातमी फुटल्यासारखं.

टीचरचं बालपण गिरीजच्या वाडीतच गेलं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर बहारीनला गेल्या, तिथल्या शाळेत भूगोल शिकवला आणि तिथल्याच एका क्लबात भर चाळिशीत स्की शिकल्या. बायकांच्या स्पर्धेत तिथे आपण पहिल्या आलो होतो, हे त्या ओळख झाल्यावर लगेच सांगत आणि ओळख जुनी झाल्यावरही सांगत. नवरा गेल्यावर परत आल्या, तेव्हा सामानात भांडीकुंडी थोडी आणि स्कीच फार होत्या. "भांडी कोणालाही वाटता येतात. स्की घ्यायला माणसाला पाय पाहिजेत," असा हिशोब. बोट पाचूबंदरच्या एका कोळ्याची. त्याला सगळे दादूसच म्हणत. जूचंद्रच्या पुढे, जुन्या मिठागरांच्या बंधाऱ्याला लागून खाडीचा एक शांत फाटा आहे, दोन्ही बाजूंना तिवरं. भरतीला तिथे आरशासारखं पाणी चढतं. क्लासला वेळापत्रक असं नव्हतंच, भरती होती. आदल्या संध्याकाळी टीचरचा फोन यायचा.

"उद्या सकाळी पाणी आहे. पोरीला आण."

"टीचर, उद्या शाळा आहे."

"शाळा रोज असते."

टीचरच्या गोष्टी सांगताना लोक हसतात, मीही हसते. पण हसता हसता मी एक भाग नेहमी गाळते. टीचरचा क्लास मध्ये बंद पडला होता. टीचरनी स्वतःच बंद केला, आणि त्याला कारण मी होते. तो पुन्हा सुरू होणार की कायमचा बुडणार, हे त्या वेळी माझ्या एकटीच्या एका वाक्यावर होतं, आणि ते वाक्य मी बरेच दिवस तोंडात धरून बसले. आज जुई कॉलेजात आहे. आता गाळायचं नाही, असं ठरवून लिहायला बसले आहे.

टीचरच्या ओट्यावर मुलांची मापं घ्यायचा कार्यक्रम चाले तो बघण्यासारखा. आधी वजन. केळीचे लोंगर तोलायचा वाडीतला काटा वाशाला टांगलेला असे. त्याच्या आकड्याला गोणपाटाची झोळी अडकवून मूल झोळीत. हलक्या मुलासाठी बोट हळू हाकायची, आणि बोट हळू तर स्की रुंद हवी, नाहीतर पाण्यावर धरत नाही. स्की अंगापेक्षा लांब झाली तर वळत नाही, आखूड झाली तर खाली बसते. टीचर वजन मोठ्याने सांगत, वाडीभर ऐकू जाईल असं. जूचंद्रच्या एका कॉम्प्लेक्समधले एक वडील एकदा म्हणाले, "मॅडम, जरा हळू बोला ना. मुलगा सेन्सिटिव्ह आहे."

"मुलगा हसतोय. तुम्ही चढता का काट्यावर?"

मग पाय. बादलीत पाय बुडवायचा आणि ओट्याच्या काळ्या लादीवर ठेवून उचलायचा. तो ठसा वाळायच्या आत टीचर त्याच्यावर ओणव्या होऊन बघत, टाच, चवडा, बोटं, आणि भिंतीला उभ्या केलेल्या स्कींमधली एक उचलून आणत. कुठलंही माप त्या कधी लिहून ठेवत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "लिहिलं की तेच खरं वाटायला लागतं. पाय तोवर पुढे गेलेला असतो." सगळ्या मुलांचे पाय त्यांच्या डोक्यात होते. कोणाच्या पुढच्या बुटाची पट्टी एक भोक पुढे सरकवायची, कोणाची मागे, कोणाच्या स्कीच्या शेपटीखालचं पातं जरा वर घ्यायचं, हे त्या चालता चालता करत, कमरेला खोचलेल्या पेचकसाने. मूल वाढलं की त्याची स्की खालच्या मुलाकडे जाई. स्वतःची स्की कोणाचीच नव्हती. पुष्कळ आयांना हे आवडत नसे. मलाही आवडत नव्हतं.

त्यांच्या सगळ्याच मतांना काही अर्थ होता असं नाही. कॉफी पिऊन आलेलं मूल उजवीकडे पडतं, पावसाळ्यात जन्मलेलं कमी पडतं, असलं पुष्कळ काही त्या छातीठोकपणे सांगत. जुई भर श्रावणातली आणि सगळ्यात जास्त पडायची. पण बुटाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं मात्र एकच होतं. पुढचा बूट रबरी. साबणाचं पाणी लावून पाय आत सरकवायचा. टाच उचलली जाता कामा नये, पण जोराचा हिसका बसला तर पाय सुटलाही पाहिजे. मागच्या पायाला बूट नाही, नुसता पट्टा. "पडताना दोन्ही पाय सुटले तर देवाची कृपा. दोन्ही अडकले तर निदान दोघं एकत्र वळतात. एक सुटला आणि एक अडकला, तर अडकलेला मोडतो."

आणि एखाद्या आईने "जरा वाढत्या अंगाचं बघा ना" म्हटलं, की टीचर लालबुंद होत. "पाय उद्या वाढेल. पडायचं आज आहे. मला आजच्या पायाचं माप दे!"

आता माझं सांगते. आमच्या घरात कुठलीच गोष्ट आजच्या मापाची नसायची. युनिफॉर्मचा स्कर्ट खाली वीतभर दुमडून टाके घातलेला, वर्षागणिक एक दुमड उसवायची. बुटाच्या पुढे कापूस. स्वेटर मांडीपर्यंत. माझे बूट आधी मोठे असायचे आणि मग लहान व्हायचे. मध्ये कधीतरी ते बरोब्बर बसत असणार, पण ते कोणाच्या लक्षात यायचं नाही. माझ्या आईने हे प्रेमाने केलं, आणि मीही जुईसाठी तेच प्रेमाने करत होते. एक नंबर वाढवून घे, हे माझ्या तोंडून श्वासासारखं निघतं. अजूनही.

नणंद दुबईला असते. जुई सहावीत असताना ती म्हणाली, "वहिनी, येताना जुईला तिची स्वतःची स्की आणते. फोनवर पायाचं माप सांगा." मी सांगितलं, एक नंबर वाढवून. शिवाय म्हटलं, लांबीही थोडी मोठीच बघ, पोरगी उंच होतेय, वर्षा-दोन वर्षांत बदलायला नको. ती घेऊन आली. निळी, चकचकीत, पुढे बूट आणि मागेही बूट.

आम्ही ती गिरीजला घेऊन गेलो. टीचरनी उचलून बघितली, बोटाने टकटक केली, पात्यावरून अंगठा फिरवला.

"सुंदर आहे गं. कोणासाठी?"

"जुईसाठी."

"कुठल्या जुईसाठी? या स्कीवरची जुई मला अजून भेटायची आहे." मग जुईच्या डोक्यावर टपली मारून म्हणाल्या, "दोन उन्हाळ्यांनी आण. तेव्हा मागचा बूट काढू, पट्टा लावू, मग बघू. तोवर कपाटामागे उभी ठेव."

जुई हसली. नणंद हसली नाही. मीही नाही.

नणंद परत जायच्या आदल्या रविवारी सकाळी भरती होती. टीचरच्या भाचीच्या मुलीचं चर्चमध्ये पहिलं कम्युनियन होतं, त्यामुळे त्या मिस्सा आटोपून उशिरा येणार होत्या. तोवर दादूसने मुलांना नेहमीच्या स्कींवर फिरवायचं, असं ठरलेलं. नणंद बंधाऱ्यावर मोबाईल घेऊन उभी. निळी स्की गाडीत होती. ती गाडीत मीच ठेवली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

"वहिनी, एवढी विमानातून उचलून आणली. एकदा तरी बघू दे ना मला."

मी जुईला तिच्या बाबांचे लोकरी मोजे घातले, एकावर एक. बूट भरला. वर नाड्या घट्ट ओढल्या. दादूस बोटीतून बघत होता.

"टीचरला इचारलंय ना, ताई?"

"हो," मी म्हणाले. "कालच बोललो आम्ही. चालेल म्हणाल्या."

इतकं सोपं होतं. दादूसने मान हलवली आणि इंजिन सुरू केलं.

जुई उठली, खरंच छान उठली, नणंद ओरडली, "आली, आली!" पहिल्या वळणाला स्कीचं लांब टोक पाण्यात रुतलं. मागचा पाय मोज्यासकट बुटातून निघून आला. पुढचा नाही निघाला. दादूसने बोट वळवून तिला वर घेतलं, तेव्हा निळी स्की अजून तिच्या डाव्या पायाला होती आणि पाय जसा असायला नको तसा होता.

टीचर कम्युनियनच्या साडीतच हॉस्पिटलात आल्या. त्यांना साडीत मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांना घेऊन येताना दादूस वाटेतच म्हणाला होता, "टीचर, तुमीच हो बोललात ना जुईच्या आयला?" त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. माझा नवरा होता, नणंद होती, आत जुई होती.

"मी हो म्हटलं होतं?"

माझ्या तोंडात 'नाही' होतं. नणंदेने माझा हात धरलेला होता.

"म्हणजे... बोलणं झालं होतं आपलं," मी म्हणाले.

टीचरनी कपाळाला हात लावला. "मला आठवत नाही," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा, हळू, "मला आठवत नाही गं." मग भिंतीला टेकून खाली बाकावर बसल्या. मला वाटलं, जुईच्या पायाचं दुःख आहे. ते होतंच. पण दुसरं काय होतं, ते मला नंतर कळलं.

आठवड्याच्या आत त्यांनी सगळ्या आयांना फोन केले. "माझ्या डोक्याचा भरवसा राहिला नाही. ज्या स्कीला मी आयुष्यात हो म्हटलं नसतं तिला हो म्हणून बसले, आणि म्हटल्याचं आठवतही नाही. मुलांचे पाय मी आता बांधणार नाही." त्यांच्या आईची स्मृती शेवटी शेवटी गेली होती. ती लेकीलाच विचारायची, तू कोणाची गं? हे दादूसने मला सांगितलं. दर आठवड्याला तो टीचरनी जुईसाठी दिलेली सुकेळी, वाडीतली वाळवलेली केळी, घेऊन आमच्याकडे यायचा आणि दारातच उभा राहून बोलायचा. "बोट नुसती बांधून ठेवलीय. टीचर खाडीवर येत नाय. मला रोज इचारतात, सकाळी मी काय बोलले सांग."

आम्ही ती सुकेळी खाल्ली. जुईने प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून खाल्ली, नवऱ्याने चहाबरोबर खाल्ली. मीही खाल्ली.

गप्प का बसले? मोठं कारण असं काही नाही. नवऱ्याला वाटेल, नणंद काय म्हणेल. मग प्लास्टर निघू दे, मग सांगू. मग पाय जरा चालू दे, मग. सांगणंही मी वाढत्या मापाचं ठेवलं होतं, पुढे कधीतरी अंगाला बसेल असं. शेवटी सुकेळी नका पाठवू एवढंच सांगायला म्हणून एका दुपारी गिरीजला गेले.

टीचर स्वयंपाकघरात होत्या. डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. गॅसच्या मागे भिंतीवर चिठ्ठी: बंद केला का? दाराच्या कडीला चिठ्ठी: किल्ली गळ्यात आहे. मुलांचं एक माप कधी न लिहिणारी ही बाई.

"बस. मागे आलीस तेव्हा मी तुला काय दिलं होतं, चहा की कॉफी?"

"मी मध्ये आलेच नाही, टीचर. आपण हॉस्पिटलात भेटलो, तेवढंच."

"हां. मला तसंच वाटलं होतं." चहा टाकताना त्या म्हणाल्या, "पण वाटलं ते बरोबर की चूक, हे हल्ली दुसऱ्याला विचारून घ्यावं लागतं. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी मी सगळ्या पोरांचे पाय म्हणते. जुई, डावा, टाच अरुंद. सगळे येतात गं, एकही अडत नाही. तरी मनात येतं, जे चुकतंय ते मलाच दिसत नसेल."

मी उभी राहिले. बसून सांगता आलं नसतं.

"टीचर, तुम्ही हो म्हटलं नव्हतं."

"काय?"

"निळ्या स्कीला. तुम्ही नाहीच म्हणाला होतात. दोन उन्हाळ्यांनी आण म्हणालात. दादूसशी मी खोटं बोलले, आणि हॉस्पिटलात तुमच्याशी. तुम्हाला आठवत नाही, कारण ते झालंच नव्हतं."

चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला, चिठ्ठीकडे न बघता.

"म्हणजे मी विसरले नाही."

"नाही."

"काहीच विसरले नाही?"

"काहीच नाही, टीचर."

त्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या, की मी ओट्यावर सांडलेला चहा पुसायला घेतला.

"ते ठेव," त्या म्हणाल्या. "आईसारखी होणार म्हणून मी कपाट आवरून ठेवलं. साड्या भाचीला देऊन झाल्या. समजतंय का तुला?" आणि मग शाळेतला आवाज लागला. "फोन लाव दादूसला. माझ्यासमोर सांग त्याला."

मी फोन लावला, स्पीकरवर. सांगितलं.

"अवो ताई," दादूस म्हणाला, "मग माझा काय? बायको रोज बोलते, तूच उलटा ऐकला असशील. मी कान दाखवून आलो डाक्टरला!"

"ऐकलंस?" टीचर म्हणाल्या. "एका हो-मध्ये दोघांना म्हातारं करून टाकलंस तू."

"अजून कोणाला सांगू?"

"सगळ्या आयांना. दारात जाऊन. फोनवर नाही, फोनवर माणूस अर्धं गिळतो."

घरी आले आणि आधी नवऱ्याला सांगितलं. त्याने उठून गाडीची किल्ली हातात घेतली. मग विचारलं, "कोणाकडून सुरुवात करायची? गाडी मी काढतो." नणंदेला दुबईला फोन केला, तर ती चिडली ती भलत्याच गोष्टीवरून. "वहिनी! मी इथे सगळ्यांना सांगून बसले, एका म्हाताऱ्या बाईने माझ्या भाचीचा पाय मोडला म्हणून. आता त्यांना काय सांगू?" मी म्हटलं, तेच सांग, बाई बदलून. जुईला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "मला माहितीये. मी तिथेच होते ना."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील असं वाटलं."

आम्ही दारोदार गेलो. जूचंद्रला, नायगावला, वसईतल्या होळी भागात. काहींनी पाणी विचारलं, काहींनी नाही. ते सेन्सिटिव्ह मुलाचे वडील दार अर्धवट उघडं धरून ऐकत राहिले आणि म्हणाले, "आमच्या पोराचा अख्खा सीझन गेला, तुमच्या एका शब्दात." त्यांची बायको मागून म्हणाली, "अहो, निदान आल्या तरी." "आल्या, हो! काडी लावून मग पाणी घेऊन आल्या." प्रत्येक दाराशी वाक्य तेच होतं, आणि कुठेही ते सोपं गेलं नाही. पण अर्धं सोडायचं नाही, एवढं मी गिरीजहून निघतानाच ठरवलं होतं. त्या नकोशा जिन्यांवर मला पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

क्लास पुन्हा सुरू होणार असं ठरलं, पण माझ्यासाठी एक नियम टीचरनी स्वतः सांगितला. मापाच्या दिवशी आम्ही गिरीजला गेलो, तेव्हा त्यांनी जुईचा पाय बघितला. डावी पोटरी प्लास्टरमध्ये बारीक झालेली, पण पाय लांबीने वाढलेला, उजवा जास्त, डावा कमी. फिजिओने पाण्यात उतरायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. टीचरनी जुनीच, कोणाकोणाच्या पायांखालून गेलेली एक पिवळी स्की काढली, मागे पट्टा असलेली. आणि पेचकस माझ्या हातात दिला.

"मी नाही बांधणार. तू बांध."

"मला येत नाही, टीचर."

"खोटं बोलायला कोणी शिकवलं होतं? बस खाली."

मी लादीवर बसले. साबणाचं पाणी लावलं. डावा पाय आत सरकवला. "टाच बघ," टीचर वरून म्हणाल्या. टाच किंचित उचलली जात होती. "मोठा आहे हा बूट. लहान घे." लहान घेतला. जुई तोंड वाकडं करून म्हणाली, "आई, घट्ट होतोय." माझा हात आपोआप मोठ्या बुटाकडे गेला. टीचरनी माझ्या हातावर चापट मारली. "रबर आहे, पाण्यात सैल पडेल. आता पट्टी एक भोक मागे घे, या घोट्यावर भार कमी पाहिजे. हां. पेच आवळ. आता दोन्ही हातांनी स्की धर आणि ओढ."

"तिला दुखेल."

"इथे नाही सुटला तर तिथे दुखेल. ओढ!"

मी जीव खाऊन ओढली. पाय सट्‌कन बाहेर आला आणि मी स्की घेऊन उताणी पडले. जुई इतकी हसली, की वाडीतला टेम्पोवाला बघायला आला. टीचर हसल्या नाहीत. "पुन्हा," म्हणाल्या. टाच हलेनाशी होईपर्यंत आणि हिसक्याला पाय सुटेपर्यंत त्यांनी माझ्याकडून ते करून घेतलं. मग म्हणाल्या, "हे आता दर वेळी तू करायचं. पण बंधाऱ्यावर तू यायचं नाहीस. पोरीला बाप आणेल."

"टीचर, फक्त लांबून..."

"लांबूनही नाही. तिथे विचारलं तर उत्तर खरं मिळतं, असं पाणी पाहिजे मला. तू अजून तिथली नाहीस."

मला राग आला. आजही थोडा येतो. पण मी हो म्हटलं, आणि ते पाळलं.

क्लासच्या पहिल्या सकाळी नवरा जुईला घेऊन बंधाऱ्यावर गेला आणि मी स्कूटर घेऊन मागे, मिठागराच्या वळणावर थांबले. तिथून तिवरांपलीकडचं काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. टीचरचा आवाज आला, कोणावर तरी ओरडत होत्या. दादूसने इंजिन सुरू केलं. आवाज चढला आणि लगेच तुटला. पडली. मूल पडलं की दादूस इंजिन कमी करून वळतो, हे इतक्या दिवसांत कानाला पाठ झालं होतं. पुन्हा चढला, पुन्हा तुटला. मी हँडल घट्ट धरलं. मीठ भरलेली एक ट्रॉली गेली, त्यावरच्या बाईने विचारलं, "कोनाची वाट बगताव?" मी म्हटलं, पोरीची. "येल," ती म्हणाली, आणि गेली.

पुन्हा इंजिन चढलं. मी ऐकत राहिले. आवाज लांब गेला, वळणाशी बारीक झाला, इतका बारीक, की तुटला की काय असं वाटलं. मग तो वळून परत येऊ लागला, न थांबता, मोठा होत, आणि त्याच्यावरून टीचर ओरडत होत्या, "पाठ सरळ! जुई, पाठ!"